दारावरचा हिरवा ठिपका

मेट्रनबाईंना भांडण खपत नसे. वृद्धाश्रमात बावीस खोल्या, बावीस तऱ्हेची म्हातारी माणसं आणि सगळ्यांची तोंडं एकाच वेळी चालू. तरी बाईंच्या मजल्यावर कुणाचा आवाज चढला, असं सहसा होत नसे. याचं सगळं श्रेय बाई एका हिरव्या ठिपक्याला देत.

ठिपका म्हणजे बोटाच्या पेराएवढी चिकटपट्टी, दारावर नावाच्या पाटीखाली लावलेली. बाहेरच्याला वाटे, औषधाची काहीतरी खूण असेल. खरा अर्थ एवढाच, की या खोलीतल्या माणसाला काळ्या माणसाचा हात अंगाला लागलेला चालत नाही. हे कुणी बोलायचं नाही, वहीत लिहायचं नाही. ठिपका बघायचा आणि पुढच्या दाराशी जायचं. सापही मरतो आणि काठीही मोडत नाही. बाईंना ही युक्ती सुचली तेव्हा आश्रमाच्या समितीच्या खुद्द अध्यक्षांनी त्यांचं कौतुक केलं होतं. बघता बघता बावीसपैकी चौदा दारांवर ठिपका आला. चौदावा नऊ नंबरला, आणि नऊ नंबरात बाईंची सख्खी आई राहत होती.

ठिपका ज्यांच्यासाठी होता त्या सेविका आल्या तशा गेल्या. टिकली एकच. तिला सगळे शाई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, म्हणजे सगळ्यांनी मिळूनच ठेवलं असणार. तिच्या पणजोबांना कधीकाळी खाणीत राबायला जहाजात कोंबून आणलं होतं. ती स्वतः आश्रमापासून चार रस्ते पलीकडे जन्मली होती. तरी नवा आलेला प्रत्येक म्हातारा तिला, तू मूळची कुठली, म्हणून विचारायचाच. ती आपल्या गल्लीचं नाव सांगायची. ते नाही ग, खरं सांग, असं म्हातारा म्हणाला की शाई हसून त्याची उशी झाडायला घ्यायची. अशी बारा वर्षं गेली. दुखऱ्या माणसाला उचलण्यात, कूस बदलून देण्यात तिचा हात धरणारं आश्रमात कुणी नव्हतं. बाईंना हे पुरतं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही तो हात आठच खोल्यांना मिळत होता.

आईनं आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "ती नको हं माझ्या खोलीत. कपड्यांना वास राहतो." बाईंना लाज वाटली. वाटली, पण आईच ती. या वयात तिला काय शिकवायचं, असं म्हणून त्यांनी ठिपका लावला आणि लाजेवरही तोच चिकटवला.

सहा महिन्यांपूर्वी आईच्या न्हाणीघरातला नळ उघडा राहिला आणि पाणी थेट बाहेरच्या बोळात आलं. शाईनं आत जाऊन नळ बंद केला. बस, एवढंच. आईनं आश्रम डोक्यावर घेतला, दुपारचं जेवण घेतलं नाही. तेव्हा बाईंनी शाईला ऑफिसात बोलावून लेखी ताकीद दिली. वर लिहिलं, 'शाई हिस', आणि खाली, 'ठिपका असलेल्या खोलीत कोणत्याही कारणासाठी पाऊल टाकल्यास कामावरून काढण्यात येईल.' सही, शिक्का. आईपुढे आपली बाजू राखायला बाईंनी आपलाच नियम मोडून कागद केला होता. शाईनं तो वाचला, चार घड्या घातल्या, एप्रनच्या खिशात ठेवला आणि बरं बाई म्हणून ती कामाला लागली.

मग तो मंगळवार आला. दुपारच्या चहाची वेळ होती. आई न्हाणीघरातून निघताना पाय घसरला आणि ती भिंतीच्या दांडीला लटकली. नेमकी त्याच वेळी शाई चादरींची गाडी ढकलत दारावरून चालली होती. पुढचं बाईंना आईनंच सांगितलं, इस्पितळातल्या खाटेवरून, खुब्याचं हाड मोडलेलं आणि डोक्याला सात टाके.

"मी म्हटलं तिला, ये ग, धर मला. तर ती दारातच. म्हणाली, आजी, घट्ट धरून ठेवा, मी कुणालातरी आणते. घंटा दाबली नि पळाली. अग तू ये ना, तू, असं ओरडत होते मी. मग हात सुटला."

दुसरी सेविका बोळाच्या पार टोकाला चहाच्या खोलीत होती. ती येईपर्यंत चार मिनिटं गेली. शाईला पोचायला चार पावलं लागली असती.

बाई संध्याकाळी परतल्या त्या पेटूनच. समितीसाठी अहवाल लिहायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत. कारण : सेविकेचा निष्काळजीपणा. शनिवारी समिती बसली की शाईची नोकरी गेली, हे ठरल्यासारखंच होतं. सही घ्यायला त्यांनी तिला बोलावलं आणि मनात होतं ते सगळं ऐकवलं. म्हातारं माणूस हाका मारतंय आणि तू दारात उभी राहतेस, काळीज आहे की दगड? शाई सगळं ऐकून घेत होती. मग तिनं खिशातून तो कागद काढला आणि टेबलावर उलगडला. घड्यांवर तो झिजून फाटायला आला होता.

"समितीपुढे हा दाखवू की खिशातच ठेवू, ते सांगा," ती म्हणाली. "आजवर सगळं तुम्हीच सांगत आलात."

बाईंचा हात पुढे झाला. कागद वाचायला नव्हे, ओढून घ्यायला. हात अर्ध्यावर असतानाच शाईनं कागदावर तळवा ठेवला. बाईंचा तो पुढे झालेला हात दोघींनीही पाहिला होता. पुढे बाईंना रात्रंदिवस खात राहिलं ते हेच. आईचा हात सुटला, त्याला निदान अपघात म्हणता आलं असतं.

अहवाल त्यांनी तिथंच फाडला. नवा लिहिला : सेविका शाई हिनं माझी लेखी आज्ञा पाळली, चूक सर्वस्वी माझी आहे. शनिवारी अध्यक्षांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि खणात टाकला. म्हणाले, अहो, तुमचीच आई, तुम्हीच मेट्रन, कुठं बोभाटा करता? शाई राहू दे, तुम्हीही राहा. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली. कुणीतरी रागवावं, निदान महिनाभर घरी बसवावं, म्हणून बाई जीव मुठीत धरून आल्या होत्या. त्यांना साधी बोलणीही बसली नाहीत. त्याच दुपारी त्यांनी चौदाच्या चौदा ठिपके नखानं खरवडून काढले. दारांचे रंग जुने झाले होते, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याखाली एक उजळ गोल तेवढा राहिला.

तीन आठवड्यांनी आई चाकांच्या खुर्चीतून परत आली. खुर्चीतून पलंगावर घ्यायची तर दुसऱ्या सेविकेच्या हाती ती कळवळली. दोनदा झालं, तीनदा झालं. शेवटी डोळे मिटूनच म्हणाली, "तिला बोलवा. त्या दिवशीचीला."

शाई आली आणि दारात थांबली. चपलेची टोकं बरोबर फरशीच्या कडेपाशी.

"ये आत," बाई म्हणाल्या. "आता काही नाही तसं. ये."

"तोंडी नको, बाई," शाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट ती समजावून सांगत होती. "येऊ नको हे लिहून दिलं होतंत. ये हेही लिहून द्या."

बाईंनी खिशातलं पेन काढलं, आईच्या औषधांच्या कागदांतला एक कोरा घेतला, खिडकीवर ठेवला. तारीख घातली. मग नावाची जागा आली आणि पेन थांबलं. एकच नाव त्यांना येत होतं, आणि ते आता लिहवेना. बारा वर्षांच्या हजेऱ्या, पाळ्या, ती ताकीद, अगदी तो पश्चात्तापाचा अहवालसुद्धा, सगळीकडे त्यांनी तेच लिहिलं होतं.

"तुझं नाव काय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

शाईनं जिन्याकडे बोट केलं.

"फाईलमध्ये आहे," ती म्हणाली. "तुमच्याच कपाटात."

बाई खाली ऑफिसाकडे निघाल्या. जिन्याच्या वळणावर त्यांनी एकदा मागे पाहिलं. उघड्या दारातून आईचा पुढे केलेला हात दिसत होता, आणि दाराबाहेर शाई कागदाची वाट बघत उभी होती.