माझ्या दारापासनं सुरू करा

मी पायरी बोलतेय. देवळाची नव्हे, साध्या घराची. दौंडातल्या एका अरुंद आळीत, सरूबाईंच्या दाराबाहेर मी चव्वेचाळीस वर्षं होते. आता नाही. का नाही, तेवढंच सांगते.

पाटसकडच्या खाणीतला मी काळा दगड. म्हाळू पाथरवटानं मला घडवलं. शेवटचा हात फिरवताना त्याची छिन्नी निसटली आणि माझ्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला. तो हळहळला. पण सरूबाईंचे मालक हौशीराम, तेव्हा रेल्वेत नुकतेच गँगमन म्हणून लागलेले, हसून म्हणाले, "ऱ्हाऊ दे म्हाळूबा. आपल्या घराची खूण झाली."

माणसांची एक गंमत आहे. देवळाच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावतात आणि घरच्या पायरीवर चपलांचा चिखल झटकतात. माझी तक्रार नव्हती. माझ्यावर बसून मेथी निवडली गेली, लेकी सासरी जाताना रडल्या, जावयांनी बुटांचे बंद बांधले. अजून काय पाहिजे दगडाला?

पुढं हौशीरामांचे डोळे काचबिंदूनं गेले. पण जन्मभर रुळांवरून चाललेला माणूस, पायांनीच बघायचा. रोज सकाळी टाचेनं माझा टवका चाचपायचा आणि आळीच्या टोकाच्या मारुतीला निघायचा. बरोबर साठ पावलं. परत येताना काठी टवक्याला लागली की आतल्या बाजूला हाक जायची, "आलो गं घरी!"

मग आळीत गाड्या वाढल्या. दुचाक्या, टेम्पो, पाण्याच्या जारची रिक्षा. पाच वर्षांपूर्वी एका दुचाकीनं हौशीरामांना धक्का दिला. हाड मोडलं नाही, धीर मोडला. त्यांनी बाहेर पडणंच सोडलं.

त्या आषाढी एकादशीला सरूबाई पदर खोचून माझ्याजवळ बसल्या. "देवा, यांना यांच्या पायांनी मारुतीला जाऊ दे. पाच वर्षं गोपद्मं काढीन." गोपद्म म्हणजे गाईचं पाऊल. चातुर्मासात रोज रांगोळीनं तेहेतीस काढायची. बायका देवघरापुढं काढतात. सरूबाईंनी माझ्यावर काढली. म्हणाल्या, "पाऊल जिथनं बाहेर पडायचं, तिथंच काढावं."

कुणाचं तरी चाक रोज चार-पाच पावलं पुसून जायचं. त्या पुन्हा काढायच्या. चातुर्मासात रागवायचं नाही, खोटं बोलायचं नाही, हाही त्यांचा नेम.

यंदा पाचवं वर्ष. उन्हाळ्यात बातमी आली की आळीत गाड्या बंद करून ती फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवायची, फरश्या घालायच्या, बाकडी टाकायची. मारुतीपुढं सभा भरली. सरूबाईंचं दार जवळच, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं.

किराणावाले रोहिदास तावातावानं उठले. "गाड्या बंद, मग माझी साखरेची पोती काय हेलिकॉप्टरनं उतरवू?"

"सकाळी नऊपर्यंत मुभा हाय की," समोरच्या घरातली करुणा म्हणाली. ती रेल्वेत कारकून. "आन् दुकानापुढं तुमच्याच तीन गाड्या उभ्या असत्यात, काका. गिऱ्हाईक आत येतंय कुठनं?"

हशा पिकला. रोहिदास म्हणाले, "तू लई शिकलीस!" आणि बसले. पण पुन्हा कुजबुज सुरू झाली. कुणाला पार्किंग हवं होतं, कुणाला दारापर्यंत वरातीची गाडी. सभा मोडायच्या बेतात आली.

तेव्हा नगरपालिकेचे इंजिनियरसाहेब म्हणाले, "एक गोष्ट ध्यानात घ्या. सगळं एका लेव्हलला येणार. कुणाचं वर नाही, कुणाचं खाली नाही."

सरूबाई उभ्या राहिल्या. सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या. "साहेब, कुणी वर न्हाई, कुणी खाली न्हाई, ह्याच्यापरीस देवाला तरी दुसरं काय पायजे? माझ्या दारापासनं सुरू करा!"

टाळ्या पडल्या. रोहिदासांनीही वाजवल्या. हात वर झाले, ठराव झाला.

लेव्हल म्हणजे माणसांची, असं त्यांना वाटलं. खरं सांगू? मलाही तसंच वाटलं.

दसरा झाला आणि यंत्र आलं. पहिलं सरूबाईंच्याच दारात उभं राहिलं. त्या हळदीकुंकू घेऊन बाहेर आल्या. यंत्राचा दात माझ्याखाली शिरला, तशा त्या कुयरी घेऊनच यंत्रवाल्याकडं धावल्या.

"अरं बाबा, पायरी कशाला?"

"लेव्हल, मावशी. सगळ्यांच्याच निघणार. तुमच्या दारापासनं सुरू करा म्हणलेलं ना तुम्ही?"

 मला मारुतीच्या अंगणात नेऊन टाकलं, नंतर ट्रॉलीतून न्यायला. व्रत अर्धवट सोडता येईना, म्हणून सरूबाई रोज तिथं येऊन माझ्यावर तेहेतीस पावलं काढू लागल्या. एकदा फरशीकामाच्या मुकादमाला म्हणाल्या, "वर नगं, जमिनीसरशी बसवा, पण हाच दगड बसवा. यांच्या पायाला ओळखीचा हाय." तो चांगला माणूस होता, पण म्हणाला, "कामात बसत न्हाई, मावशी."

दिवाळीला आळी तयार झाली. गुळगुळीत, सारखी, सुंदर. पोरींनी रस्त्यातच लंगडी घातली. रोहिदासांच्या दुकानात गर्दी झाली. सरूबाईंनी डोळे पुसून हौशीरामांना सांगितलं, "जावा आता. एक गाडी न्हाई."

मी अंगणातून बघत होते. ते दाराशी आले. टाच पुढं केली, खाली केली, मागं घेतली. "सरू, पायरी कुठं गेली?"

"सगळं सारखं केलंय."

ते निघाले, पण पावलं चुकली. अर्ध्यातून वळले. काठी फरशीवर आपटत राहिली, सगळीकडून एकच आवाज. शेवटी ते करुणाच्या दारापुढं थांबले आणि भिंत चाचपू लागले.

"मामा, हे आमचं दार. तुमचं समोर हाय."

"मला माझं घर सापडंना गं पोरी," ते म्हणाले. एकही गाडी नसलेल्या आळीत, घरापासून पाच पावलांवर.

आज कार्तिकी एकादशी. व्रताचा शेवटचा दिवस. सरूबाईंनी पहाटेच माझ्यावर गोपद्मं काढली आणि मग मालकांचा हात धरून त्यांना मारुतीला आणलं. साठ पावलं, त्यांच्याच पायांनी. नवस फिटला म्हणायचा.

दर्शन झालं. हौशीराम दमले होते. सरूबाईंनी त्यांना टेकवलं, ते माझ्यावरच. त्यांचा हात सहज खाली आला आणि डाव्या कोपऱ्यावर थांबला. टवक्यावरून बोटं फिरली. तळव्याला रांगोळी लागली. चेहरा असा उजळला, जसा मी पाच वर्षांत पाहिला नव्हता.

"आलो गं घरी," ते म्हणाले.

सरूबाईंनी मारुतीकडं पाहिलं. मग त्यांच्या जवळ बसल्या, हातावर हात ठेवला.

"व्हय," म्हणाल्या, "आलो."

उद्या ट्रॉली येईल. मला नेणाऱ्यांनो, कुठंही टाका, माझी हरकत नाही. फक्त पालथी टाकू नका. माझ्यावर अजून पावलं आहेत.