हात वर केला होता

मावशीच्या दुकानाच्या शटरवर सकाळी सकाळी पोस्टर डकवलेलं होतं. चांगलं दाराएवढं. त्यात सभागृहात बसलेली मावशी, हात वर करून. खाली लिहिलं होतं, 'दवाखाना बंद करणारा हात ओळखा!'

शिवणकाम करणारी ही मावशी सगळ्या वॉर्डाची मावशी. वीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड करतेय, कुणाचं पोट कधी सुटलं हे तिला टेपवरून कळतं. पूर्वी ती जांभळ्या पक्षाची नगरसेविका होती. वर्षभरापूर्वी तिने पक्ष सोडला आणि आता अपक्ष उभी होती, बंद पडलेला प्रसूतीचा दवाखाना पुन्हा उघडायचा म्हणून. आणि तो बंद करायच्या ठरावाला तिनेच हात वर केला होता. हे खरं होतं. फोटोही खराच होता.

घरात एकच कालवा. तिचा दीर प्रचार सांभाळत होता. या शहाण्याने पत्रकावर काय छापावं? 'नवा चेहरा'! जिच्याकडे अख्खा वॉर्ड कपडे शिवतो, तिला नवा चेहरा! जुन्या पक्षाचं त्यात अवाक्षर नव्हतं.

"वहिनी, फोटो खोटा आहे म्हणून सांगू," दीर म्हणाला. "हल्ली कॉम्प्युटरवर काहीही करता येतं."

"तोंड बघ स्वतःचं आरशात," सासूबाई कडाडल्या. "खोटं बोलताना कान लाल होतात तुझे, लहानपणापासून."

मावशीच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. निवडणूक गेली तर जाऊ दे, शिलाई मशीन कुठे पळून जात नाही. पण तो दवाखाना आपल्या हाताने बंद झाला, तो उघडायची ही एकच संधी होती. पुढच्या वर्षी ती इमारत गोदामाला द्यायचं घाटत होतं. मग संपलंच.

"संध्याकाळी सभेत मीच बोलते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं गप्प बसा."

सासूबाई गप्प बसणार! पण त्यांनी मान तरी डोलावली.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती, दोन्ही उमेदवारांची एकत्र. समोरचा उमेदवार म्हणजे कंत्राटदार. हाही पूर्वी जांभळ्यांचाच नगरसेवक, आता नारिंगी पक्षात. तो सगळीकडे सांगत फिरायचा, "दवाखाना बंद केला म्हणून तर मी पक्षाला लाथ मारली. त्या ठरावाच्या दिवशी मी तापाने फणफणलो होतो, सभेला गेलोच नाही." हजेरीचं रजिस्टर बघावं म्हटलं तर नेमकं त्याच वर्षाचं पावसात भिजलं होतं म्हणे. योगायोग बघा! आज तर तो तसलंच पोस्टर स्टँडला लावून स्टेजवर घेऊन आला होता.

मावशी आधी उठली. तिचा आवाज थरथरत होता.

"तो हात माझाच आहे," ती म्हणाली. "मोठं हॉस्पिटल येणार असं पक्षाने सांगितलं. मी कागद न वाचता हात वर केला. हॉस्पिटल आलं नाही. पुढे आठ पत्रं लिहिली, पक्षात आरडाओरडा केला, कुणी ऐकलं नाही. मग बाहेर पडले. पण उशीर केला मी. पत्रकावर 'नवा चेहरा' छापलंय, ती लबाडी आहे. तुम्ही माझं जुनं सगळं बघा आणि मगच ठरवा."

दिराने कपाळावर हात मारला. मागच्या रांगेतले चार-पाच जण उठून चालायला लागले.

तेवढ्यात टॅक्सीवाल्याची बायको उभी राहिली. दवाखाना बंद झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिचं बाळंतपण पुलावर, टॅक्सीच्या मागच्या सीटवर झालं होतं. पोर वाचलं, ती मरता मरता वाचली.

"मावशी, माझी ती रात्र तू भरून देणार आहेस का?"

"नाही गं," मावशी म्हणाली. "ते कशानेच भरून येत नाही."

संपलं, असं मावशीला वाटलं, आणि ती खाली बसली.

कंत्राटदार मात्र खुशीत उठला. "ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने कबूल! माणसाचा जुना पक्ष बघावा, मंडळी, जुना पक्ष! मी तर त्या दिवशी सभागृहाचं तोंडही पाहिलं नाही!" आणि त्याने उजवा हात लांब करून पोस्टरवर बोट ठेवलं.

मावशीची नजर त्या हातावर गेली. मग पोस्टरवर. मग परत हातावर.

फोटोतली बाकीची माणसं त्याने कापून टाकली होती. पण मावशी मोठी दिसावी म्हणून फोटो इतका ताणला, की कडेला शेजारच्याची अर्धी बाही तशीच राहिली होती. तीही वर केलेली. आणि त्या बाहीच्या कफाला तिरकी पट्टी आणि दोन बटणं होती.

कंत्राटदाराचं उजवं मनगट लहानपणी मोडून वाकडं बसलेलं. साधा कफ त्याला बसायचाच नाही. असा कफ मावशी आयुष्यात एकाच माणसासाठी शिवत आली होती. आणि हा दीडशहाणा आज तिनेच शिवलेला शर्ट घालून आला होता!

"कंत्राटदारसाहेब," मावशी उभी राहिली, आणि आता आवाज अजिबात थरथरत नव्हता, "हात तिथेच ठेवा. हलवू नका. मंडळी, पुढे या आणि दोन्ही कफ बघा. माझी शिलाई मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?"

लोक पुढे सरकले. कुणीतरी मोबाइलचा टॉर्च मारला. कंत्राटदाराने झटकन हात खिशात घातला आणि तिथेच तो फसला! हॉल असा काही हसला की खिडक्यांच्या काचा वाजल्या. "काढा साहेब, हात काढा!" म्हणून पोरी ओरडायला लागल्या. सासूबाई तर खुर्चीवर उभ्या राहून शिट्टी वाजवत होत्या, सत्त्याहत्तराव्या वर्षी.

"गुन्हा आमचा दोघांचा एकच आहे," गलबला ओसरल्यावर मावशी म्हणाली. "म्हणून मला सोडू नका. निवडून दिलंत तर प्रत्येक ठरावाचा कागद दोन दिवस आधी माझ्या शटरवर लागेल. तुम्ही वाचायचा. मग मी हात वर करायचा की नाही ते बोलू."

चौथ्या दिवशी रात्री निकाल लागला. मावशी अकराशे मतांनी आली! दीर रस्त्यात नाचला, समोरच्या बेकरीवाल्याने सगळ्या रस्त्याला पाव फुकट वाटले, आणि पोरांनी मावशीला खांद्यावर उचललं तेव्हा ती ओरडत होती, "अरे, पडेन मी! मेल्यांनो, खाली ठेवा!" हसता हसता रडत होती ती.

गर्दीच्या कडेला टॅक्सीवाल्याची बायको उभी होती, पोरगी कडेवर घेऊन. मावशी धडपडत खाली उतरली आणि तिच्यापाशी गेली.

"मत तुलाच दिलं," ती म्हणाली. "पण विसरून नाही दिलं, मावशी. सगळं लक्षात ठेवून दिलं."

मावशीने तिचा हात घट्ट धरला. अकराशे मतं एकीकडे आणि हे एक मत एकीकडे. तिला वाटलं, आपण खरं जिंकलो ते आत्ता.

"दवाखान्याची किल्ली कुणाकडे असते गं?" तिने विचारलं.

"नगरपालिकेच्या शिपायाकडे."

"चल मग, त्याला उठवू," मावशी म्हणाली, आणि दोघी निघाल्या. मागून सगळा रस्ता निघाला.