साक्षीतलं मुसळ

एकवीस डिसेंबर, वर्षातला सगळ्यात लहान दिवस. त्या दुपारी छावणीतल्या चर्चमध्ये साक्षीची सभा भरायची. एकानं उठून आपलं जुनं पाप सगळ्यांपुढं सांगायचं, आणि अंधार हटतो, माणूस नवा होतो, हे लोकांना पटवायचं. नवं व्हायचं काम बारा वर्षं पुंजारामकडंच होतं.

शाळेतला हा शिपाई निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत दोनदा शिंदी प्यायला, दोन्ही वेळा ओकला, आणि तिसऱ्या वेळी प्रार्थनेला गेला. खरं एवढंच. पहिल्या साली त्यानं तेवढंच सांगितलं, तर लोकांनी जांभया दिल्या.

"बायकोला मारत होतास का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नाय जी."

"आठवून बघ."

पुंजारामनं आठवून बघितलं. पुढल्या साली थप्पड आली, मग चप्पल, मग मुसळ. दिवस तिळातिळानं वाढतो, पुंजारामचं पाप हातहातभर वाढलं. त्याची बायको द्वारकाबाई बायकांच्या सतरंजीवर बसून दरसाल मार खायची आणि सभा 'हालेलुया' म्हणायची. शेजारणी तिच्या डोक्यावर खोक शोधायच्या.

यंदा मात्र करमाडची आशाबाई आपल्या मुलासाठी त्यांच्या लेकीला, सुवार्ताला, बघायला येणार होती, आणि आधी सभेला बसणार होती.

"अवो, यंदा मुसळ काढा," सकाळी भाकरी थापताना द्वारकाबाई म्हणाली. "मारकुट्याच्या घरात कोण सोयरीक करंल?"

"मुसळ काढलं तर ऱ्हातं काय? येशूनं आंधळ्याला डोळे दिले म्हणून लिहून ठेवलं. नुसता चष्मा लागला असता तर कोण लिहितं?"

"मंग साक्ष मोठी करा आन लेक घरात ठेवा."

सभेत पाळकसाहेब उजेडावर पाऊण तास बोलले, तोवर होता तो उजेडही खिडकीतून सरकला. मग पुंजाराम उठला. शिंदी झाली, चप्पल झाली. आशाबाईनं पदर तोंडाला लावला.

"आन एक दिवस मी मुसळ उचललं..."

"कुठलं मुसळ?" द्वारकाबाई उभी राहिली. "आपल्या घरात मुसळ हाय का? मिरचीसुदिक शेजारच्या गुलशनबीकडं कुटतो आपण!"

"बाई, साक्षीत मध्ये बोलू नये," पाळकसाहेब म्हणाले.

"बारा साल गप ऱ्हायले, सायेब. ह्या माणसानं मला बोट लावलं नाय. लई राग आला तर शेळीशी बोलतो."

लोक हसले. पुंजारामचं पाठ केलेलं सगळं पळालं. मग बायकांच्या बाजूला तोंड करून तो हळू म्हणाला, "खरं बोलली. घरात कवाच मारलं नाय. मारलं ते हितं, देवाच्या घरात, तुमच्यापुढं. ते पाप मात्र माझंच. माफ कर, द्वारके."

हालेलुया कुणीच म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी खूण केली नव्हती. आशाबाईच आधी "आमेन" म्हणाली आणि सरकून जागा केली. "बसा, विहीणबाई."

पाळकसाहेबांनी वही काढली. "फार छान, पुंजाराम! पुढल्या वर्षी हेच, जरा वाढवून..."

"पुढल्या वर्षी तुमी उभं ऱ्हा," द्वारकाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "तुमची पापं तुमच्या बाईसायबांना आमी इचारून ठेवतो."