एवढीशी सुई

वर्षालीने नाळेला लावायचा चिमटा उचलला, तसं तानुबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब. नाळ उडून राहिली अजून."

बाळ जेबाच्या पोटावर रडून लालबुंद झालं होतं. वर्षाली उपकेंद्राची नर्स, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेली. जेबाने पहिलं बाळंतपण घरीच करायचा हट्ट धरला, तेव्हा आपण हजर राहणारच, असं तिने बजावलं होतं. जेबाचा रक्तगट निगेटिव्ह होता. बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर आईला तीन दिवसांत सुई द्यायला हवी, नाहीतर पुढच्या बाळांच्या जिवावर बेतू शकतं. गट तपासायला नाळेतलं रक्त हवं, आणि ही दाई तर ते सगळं बाळाकडे जाऊ देत होती.

"तानुमाय, रक्त नाई उरलं त मी काय तपासू?"

"त्याचंच रक्त व्हय ते. त्याले घेऊ दे. तुले उरते."

तानुबाईंची दोन बोटं नाळेचे ठोके बघत होती. वर्षालीने चारदा घड्याळ पाहिलं, मग पाहणं सोडून दिलं. नाळ पांढरी पडून निपचित झाली, तेव्हा तानुबाईंनी स्वतःच चिमटा मागितला. वारेकडच्या टोकातून नळी सहज भरली. वर्षालीला आपल्या घाईची लाज वाटली.

"तुमी खऱ्या, माय."

जेबाचा नवरा साजिद नळी घेऊन अकोटच्या लॅबकडे निघाला. चहा घेताना वर्षालीने मनातलं विचारलं.

"तिसऱ्या महिन्यातच जेबाले गट तपासाले तुमी घेऊन आल्या व्हत्या. हे तुमाले कोनं सांगतलं?"

तानुबाईंनी बटव्यातून, सुपारीखालून, एक रक्तगटाचं कार्ड काढून दिलं. गावातल्या शिबिरात साठीनंतर मिळालेलं. त्यांचाही गट निगेटिव्हच होता.

"थोरली पोरगी जगली. तिच्या मागून झालेले तिघं पिवळे पडून गेले. लोकं म्हनत, माहीच नजर वाईट."

 वर्षालीने कार्ड पदराने पुसून परत दिलं.

दुपारी साजिदचा फोन आला. पॉझिटिव्ह. वर्षालीने बर्फाच्या डब्यातून इंजेक्शन काढलं. तानुबाई जेबाचा हात धरून बसल्या. औषध संपेपर्यंत त्यांची नजर सुईवरून हलली नाही.

"झालं?"

"झालं, माय."

तानुबाई रिकाम्या सिरिंजकडे बघत राहिल्या.

"एवढंच व्हतं?"