लांबटांगी कापायचा दिवस

"कापा म्हंते मी! आजच्या आज कापा!" ग्लेंडा कुंपणापाशी उभी राहून बोंबलत होती, आणि व्हर्ना पायरीवर बसून हातातल्या कॉफीकडं बघत होती. कॉफी कवाच निवली होती.

ग्लेंडा म्हणजे ऑरिनची थोरली बहीण. ऑरिन म्हणजे व्हर्नाचा नवरा, जुलैच्या अखेरीला गेला. आणि मी लायल, ओढ्यापलीकडचा शेजारी. त्या दोघींच्या मधे मी हातात दांडकं घेऊन वेड्यासारखा झाडांच्या आधाराच्या मेढी बडवत होतो.

आमच्या डोंगरात समुद्रावरनं धुकं येतं ते दुपार झाली तरी हलत नाही. थंडी म्हणाल तर बेताची, पण ओल अशी की खुंटीवरचं घोंगडंसुद्धा कधी कोरडं लागायचं नाही. ऑक्टोबरात रेडवूडच्या शेंड्यांवरनं दिवसभर टिपटिप गळतं. ते पाणी गांजाच्या फुलात मुरलं की फूल आतनं कुजतं, वरनं मात्र हिरवंगार. म्हणून सकाळी मेढीला दांडकं मारून पाणी झाडायचं. हे काम ऑरिन करायचा. यंदा मी करत होतो.

"लायल, त्या मधल्या फांदीत बोट घाल. घाल की! काय लागतंय?"

मी बोट घातलं. फूल हातात सुटून आलं, आत तपकिरी लगदा.

"बुरशी," मी म्हणालो.

"ऐकलंस का गं व्हर्ना?"

"ऐकलं."

"मग?"

"बघू."

ग्लेंडानं कपाळावर हात मारला. "बियासाठी थांबलीया ही. बाई गं, बेस्तरवारी पाऊस हाय, रेडिओ सकाळधरनं सांगतोय. बी बी जाईल आन् फूल बी जाईल. लायल, तू तरी सांग हिला. का तुझ्या तोंडाला कुलूप लागलंय?"

आणि तिनं पिकअपचं दार असं आदळलं की पलीकडच्या झाडावरले कावळे उडाले. गाडी चिखलातनं घसरत निघून गेली.

कुलूपच लागलं होतं माझ्या तोंडाला. अडीच महिने झाले होते.

आता हे वाण काय ते सांगतो. मेक्सिकोच्या डोंगरातलं एक उंच, सडपातळ, बारीक पानाचं झाड. त्याला अफगाणी बुटक्याचा थोडासा संकर, तोही एवढ्यासाठी की जरा लवकर पिकावं. अंग आणि गुण सगळे उंच्याचेच. फूल मोकळं, विरळ, त्यामुळं आमच्या ओलीत दुसऱ्या वाणांचा चेंदा व्हायचा तेव्हाही हे तग धरायचं. ऑरिननं वीस वर्षं निवडून निवडून ते केलं. नाव ठेवलं लांबटांगी. बरणीतलं शेवटचं बी त्यानं यंदा पेरलं. फुलाची, म्हणजे मादी, सतरा रोपं निघाली, त्यांच्या बुंध्यांना सरकारी परवान्याच्या चिठ्ठ्या लागल्या. यंदा बी धरलं नाही तर लांबटांगी संपली. फांद्या लावून रोपं करायची तर ती फुलावर यायच्या आत करायची, तो मोसमही कधीच सरला होता.

आमच्या खोऱ्यात माणूस गेलं की आठवडाभर त्याचं काम शेजाऱ्यांनी करायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. बायका बशा झाकून जेवण आणून ठेवतात, गडी शेतात शिरतात. ऑरिनला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी शिरलो. पाणी दिलं, मेढी बांधल्या. आणि टाकीमागं एका टबात मला नर दिसला, नुसता पराग देणारं झाड. अजून कळ्या मिटलेल्याच होत्या. आमच्याकडं नर दिसला की उपटायचा, मग तो कुणाच्याही बांधावर असो. एकाचा पराग उडाला की दहा घरची फुलं बियांनी भरतात, कुणी घेत नाही. मी उपटला. माती झाडली आणि शेकोटीत टाकला. केवढं चांगलं काम केलं म्हणून मनात खूशसुद्धा झालो.

आठ दिवसांनी ग्लेंडा सहज म्हणाली, "बियाचा नर ठेवलाय त्यानं टाकीमागं, एखाद्या फांदीला पराग लावायला, व्हर्नाला ठावं हाय." ऑरिन बी कसं धरतो ते त्यानं मला कधी दाखवलं नव्हतं, पण म्हणून काय झालं? माझे हात झडले असते तर बरं झालं असतं.

तवापासून रोज येतोय, दांडकं मारतोय, आणि ही बाई न धरणाऱ्या बियाची वाट बघत उभं पीक कुजवतेय ते बघतोय.

त्या दिवशी ग्लेंडा गेल्यावर मात्र नाही राहवलं. दांडकं टाकलं, पायरीपाशी गेलो.

"व्हर्ना, बी न्हाई धरायचं."

तिनं मान वर केली नाही.

"टाकीमागचा नर म्या उपटला. मला वाटलं चुकून उगवलाय. जाळला बी. काय शिव्या द्यायच्या त्या दे."

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"खिडकीत व्हते मी. तू उपटलास, मुळाची माती झाडलीस, टोपी काढून घाम पुसलास. समदं बघितलं."

"मग वरडली का न्हाईस? नुसती एक हाक मारायची की गं!"

"मारायला पायजे व्हती. कळत व्हतं मला. पर काही वाटलंच न्हाई, लायल. अजून बी वाटत न्हाई."

आता मात्र मला राग आला. तिचा का माझा, देव जाणे. "आन् बी न्हाई हे म्हायती असून अडीच महिनं बसलीस? चांगलं सोन्यासारखं पीक कुजवलंस? कशापायी थांबलीस मग?"

"बियासाठी थांबले असं मी कवा म्हणले? ग्लेंडा म्हणती." तिनं कॉफी बाजूच्या गवतात ओतली. "दिस तो ठरवायचा. सव्वीस वरसं. फुलाचा वास घ्यायचा, पायरीशी येऊन म्हणायचा, आज. मग मी कात्र्या काढायच्या. यंदा कुणी म्हणलंच न्हाई."

"ग्लेंडा म्हणली की! रोज कोकलतीया!"

"ती वरडती. कुंपणाभाईरनं."

मी एका झाडापाशी गेलो. चांगलं फूल बघून नाकाला लावलं. मला त्यातलं काय कळतंय, डोंबल! लिंबाच्या सालीचा, मिऱ्याचा वास होता. परत येऊन पायरीशी उभा राहिलो.

"आज," मी म्हणालो.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि दोन कात्र्या घेऊन आली.

सतरापैकी सहा झाडं पार गेली होती, ती ओढ्याकडं टाकली. बाकीच्यांचं कुजकं कापून फांद्या कोठारात टांगल्या. कापताना मी प्रत्येक फूल बोटांनी चाचपत होतो, न जाणो एखादं बी असेल. तिच्या ते ध्यानात आलं. एकही नव्हतं.

चारच्या सुमाराला शेवटची फांदी टांगली. तिचा चेहरा सकाळी होता तसाच. मी टोपी घातली, निघालो.

"लायल, उद्याला काय करायचं ते सांगून जा."

"उद्या फांद्यांची पानं खुडायची. मी येतो आठाला."

"बरं," ती म्हणाली. दारात उभी होती, चिकानं काळे झालेले हात पोटाशी धरून. "आन् परवा?"