सतरा नंबरच्या भिंती

सतरा नंबरच्या घरात दुपारपासून मुंगीला शिरायला जागा नव्हती. खिडक्यांना माणसं लटकली होती आणि आत, मागच्या खोलीत, महाराज भिंतीला कान लावून उभे होते.

"माणूस विसरतो, वीट विसरत नाही," महाराज म्हणाले. "शांतता!"

इतकी शांतता झाली की कोणाच्या तरी पोटातली गुरगुर सगळ्यांना ऐकू आली.

"एक बाई दिसतेय. शिवणकाम करणारी. नवरा नाही. तीन मुलं. थोरली मुलगी... अठराव्या वर्षी... जिन्यावरून पडून गेली." महाराजांनी डोळे उघडले आणि कोपऱ्यात बसलेल्या घरमालकाच्या बायकोकडे बोट दाखवलं. "ती गेलेलीच नाही. ती हिच्यात आहे."

गर्दीतून "अगं बाई!" उमटलं. दाराशी उभ्या असलेल्या टपालताईच्याही अंगावर काटा आला आणि त्याचाच तिला राग आला.

टपालताई म्हणजे घरमालकाची थोरली बहीण. एकतीस वर्षं तिने टपाल कचेरीत पत्त्यांप्रमाणे पत्रं लावली होती. भावाने महिन्यापूर्वी हे जुनं घर घेतलं. भावजयीला लहानपणापासून फिट यायची, पण रोजच्या गोळ्यांवर दोन वर्षं सुखाची गेली होती. सामान हलवायच्या धांदलीत तीन दिवस गोळ्या राहिल्या आणि नव्या घरात पहिल्याच आठवड्यात ती कोसळली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकवू नका. शेजारी म्हणाले, आधी घर दाखवून घ्या. भावाने शेजाऱ्यांचं ऐकलं.

"औषधाने ती चवताळते," महाराजांनी निकाल दिला. गोळ्या डब्यात गेल्या, महाराजांच्या शिष्याने डब्यावर लाखेचं सील लावलं. एकवीस दिवसांच्या आत उघडला तर बाई हातची जाईल, अशी तंबीही मिळाली.

"अरे, या गोळ्या एकदम थांबवायच्या नसतात," टपालताई भावाला म्हणाली.

"ताई, मी काही आंधळा नाही. स्वतः नगरपालिकेच्या दप्तरखान्यात जाऊन आलो. पन्नास वर्षांपूर्वीची नोंदवही काढायला लावली. सतरा नंबर: शिवणकाम करणारी विधवा, तीन मुलं, थोरली मुलगी जिन्यावरून पडून मयत, वय अठरा. अक्षर न् अक्षर जुळलं! आता बोल."



चौथ्या दिवशी भावजयीच्या हातून कप निसटला. पाचव्या दिवशी बोलता बोलता ती मध्येच थांबली आणि भिंतीकडे बघत राहिली. टपालताई दुकानातून नव्या गोळ्या घेऊन आली, पण भावजयीने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"नको, वन्सं. ती चिडेल." मग हळूच म्हणाली, "ती माझ्यात असली तर मला कळेल का हो?"

औषध तुटल्यावर येणारी फिट जिवावर बेतू शकते, हे डॉक्टरांनी टपालताईला स्पष्ट सांगितलं होतं. काहीतरी करायचं म्हणून तिने पुढच्या दाराच्या दोन पायऱ्या झाडायला घेतल्या आणि मध्येच तिचा हात थबकला. घर बैठं होतं. वर साधा माळासुद्धा नव्हता. मग ती पोर पडली कुठल्या जिन्यावरून?

"पूर्वी असेल जिना, पाडला असेल," भाऊ म्हणाला.

टपालताई तडक निघाली. घरी जाऊन तिने नोकरीतल्या जुन्या कागदांची पेटी उपसायला घेतली.

सातव्या दिवशी महाराज पुन्हा आले. गर्दी दुप्पट होती. त्यांनी भिंतीवर हात ठेवून "ये, बाहेर ये!" म्हणायला आणि भावजयीची मान वळून ती खाली कोसळायला एकच गाठ पडली. हातपाय झटके देऊ लागले.

"आली! ती आली!" लोक ओरडले. एक जण दातांत घालायला चमचा घेऊन धावला.

"खबरदार! तोंडात काही घालायचं नाही," टपालताई कडाडली. "डॉक्टरांना बोलवा आधी!" तिने भावजयीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली शाल सारली आणि घड्याळ बघत बसली. ती दोन मिनिटं संपता संपेनात. शेवटी झटके थांबले, श्वास नीट सुरू झाला.

"बघितलंत?" महाराज म्हणाले. "पोर जिन्यावरून पडताना दिसली ना?"

"कुठल्या जिन्यावरून, महाराज?"

"याच घरातल्या. चौदा पायऱ्या मला स्वच्छ दिसताहेत."

टपालताईने पिवळा पडलेला कागद उलगडला. "हा तक्ता सात वर्षं माझ्या टेबलासमोर टांगलेला होता. चाळीस वर्षांपूर्वी या रस्त्याचे नंबर उलटे केले. आधी मोजणी पुलाकडून व्हायची, मग दुसऱ्या टोकाकडून सुरू झाली. घरं अठ्ठेचाळीस. तेव्हाचं सतरा म्हणजे आजचं बत्तीस. नोंदवहीत जुनेच नंबर आहेत. ती पोर पडली ती आता घड्याळजी राहतात त्या दुमजली घरात."

"माझ्या?" गर्दीतले घड्याळजी दचकले. "पण पंचवीस वर्षांत आम्हाला सर्दीपलीकडे काही झालं नाही!"

"आणि तू," टपालताई भावाकडे वळली, "दप्तरखान्यातल्या हजेरीवहीत सही करून आलास, पण वरची ओळ वाचली नाहीस. आज सकाळी मी वाचली. यांच्या शिष्याची सही आहे. महाराज पहिल्यांदा आले त्याच्या चार दिवस आधीची. बघायचा नंबर, सतरा."

शिष्य कधीच पसार झाला होता. महाराज चपला शोधू लागले.

भावाने डबा आणला. त्याने लाख फोडली. "ताई, मी हिला मारलंच असतं गं," एवढंच तो बोलला आणि रडू लागला. डॉक्टर येऊन तपासून गेले. बाई पूर्ण शुद्धीवर आल्यावर गोळी सुरू करा म्हणाले.

तासाभराने भावजय उठून बसली. "वन्सं, मग इथे कोण राहायचं?"

"एक क्लॅरिनेटवाला आणि त्याची बायको. त्यांची पत्रं मीच लावायची. म्हातारपणी लेकीकडे राहायला गेले, धडधाकट."

भावजयीने हात पुढे केला आणि गोळी तोंडात टाकली.

कोणाच्या अंगात काही आलंय असं कोणी सांगितलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: हिची औषधं कुठे ठेवलीत?