उलटा ॲक्सल

वहिनींनी पहिला गिअर टाकला, क्लच हळूच सोडला आणि जीप मागे गेली.

चांगली दोन हात मागे गेली. भिंतीशी ठेवलेल्या जळक्या ऑइलच्या पिंपावर आदळली, पिंप आडवं झालं आणि काळं तेल निवांतपणे वाहत नाना मिस्त्रींच्या चपलांपर्यंत आलं. बघायला जमलेली माणसं आधी दोन पावलं मागे सरली. मग कोणीतरी फिसकन हसलं आणि बघता बघता सगळं गॅरेज खदखदायला लागलं.

“रिव्हर्स पडला असेल,” नाना म्हणाले. “दांडा घट्ट आहे जरा. परत टाका.”

वहिनींनी परत टाकला. जीप परत मागे. दुसरा टाकला, तरी मागे. तिसऱ्याला तर ती अशी उडी मारून मागे आली की नानांना स्टूल टाकून पळावं लागलं. शेवटी वहिनींनी दात-ओठ खात रिव्हर्स टाकला, आणि जीप शहाण्यासारखी पुढे आली.

“हे बरंय,” गर्दीतून आवाज आला. “वहिनींची गाडी आता पाठमोरी धंदा करणार!”

धाकटे दीर मात्र हसले नाहीत. ते दाराशी हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी रस्त्यापलीकडे थांबलेल्या भंगारवाल्याच्या ट्रककडे पाहिलं आणि मान हलवली. ट्रक काही उगाच थांबलेला नव्हता, त्यांनीच बोलावलेला होता.

वहिनींनी हे आरशात पाहिलं. इंजिन बंद केलं नाही.

वहिनी म्हणजे सगळ्यांच्याच वहिनी. सख्खे दीर एकच, पण खालच्या बाजारापासून डोंगरावरच्या वस्तीपर्यंत शाळकरी पोरंही त्यांना वहिनीच म्हणत. नवरा जीप चालवायचा. तो आजारपणात गेला, तेव्हा लोकांना वाटलं की जीप आता विकली जाईल आणि बाई घरात बसेल. वहिनींनी महिनाभर घरात बसून पाहिलं. मग एका सकाळी चावी घेऊन नानांच्या गॅरेजात आल्या आणि म्हणाल्या, “शिकवा.” चाळिशी उलटलेली बाई क्लच आणि ब्रेक यांत गोंधळ करते म्हणून तेव्हाही लोक हसले होते. पुढे त्याच लोकांचे गॅसचे सिलेंडर, सिमेंटच्या गोण्या, बाळंतपणाला अडलेल्या सुना वहिनींच्याच जीपमधून वर-खाली झाल्या. वरच्या वस्तीचा रस्ता म्हणजे नुसते दगड, मध्ये एक ओढा, आणि शेवटी असा चढ की पायी जाणाराही गुडघ्यावर हात ठेवूनच चढतो. दुसरं कुठलंही वाहन तिकडे फिरकत नसे.

खरं सांगायचं तर वहिनी काही वस्तीच्या सेवेसाठी गाडी चालवत नव्हत्या. त्यांना ते आवडत होतं. त्या सीटवर बसलं की आपण कोणाची तरी विधवा आहोत, कोणाची तरी जबाबदारी आहोत, हे त्या साफ विसरून जात.

आणि मग इंजिन गेलं. दिरांनी लग्नकार्याला म्हणून गाडी नेली, रेडिएटरमध्ये पाणी आहे की नाही हे न बघता दिवसभर पळवली, आणि संध्याकाळी दोरीला बांधून परत आणली. इंजिन आतून असं चिकटलं होतं की पंखा हातानेही हलेना. नानांनी झाकण उघडून आत टॉर्च मारला आणि झाकण परत लावलं.

“जुनं झालं होतं, वहिनी,” दीर घरी येऊन म्हणाले. “आज ना उद्या जाणारच होतं. भंगारात देऊन टाकू. आणि आता तुम्ही तरी कशाला उन्हातान्हात दगड तुडवताय? आमच्या दुकानात गल्ल्यावर बसा. पंखा आहे डोक्यावर. दादा असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं.”

“तुमचे दादा असते तर,” वहिनी म्हणाल्या, “पाणी बघितल्याशिवाय त्यांनी चावी फिरवली नसती, भाऊजी.”

झालं! हे वाक्य भाऊजींच्या वर्मी बसलं. माणूस वाईट नव्हता. भावाच्या आजारपणात रात्ररात्र दवाखान्यात बसलेला, वहिनींच्या घराचं छप्परही स्वतः वर चढून दुरुस्त करणारा. पण आपली चूक कोणी तोंडावर सांगितली की त्याला काही सुचत नसे. जीप दोघा भावांच्या नावावर होती. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, चारचौघांत, त्यांनी जाहीर करून टाकलं: सोमवारी सकाळी भंगारवाला येणार. त्याने हात लावायच्या आत ही गाडी स्वतःच्या जोरावर वरच्या वस्तीत पोचली तर गाडी वहिनींची, आपण जन्मात ब्र काढणार नाही. नाहीतर ती ट्रकवर चढेल आणि वहिनी गल्ल्यावर बसतील.

वहिनींना ही बातमी टपरीवाल्याकडूनच कळली. त्या तशाच गॅरेजात गेल्या.

“नाना, दुसरं इंजिन हवं.”

“असं भाजी मागितल्यासारखं मागू नका हो,” नाना म्हणाले. तरी त्यांनी ते शोधलं. दरीत उलटलेल्या एका मालवाहू गाडीचं डिझेल इंजिन धडधाकट होतं, गाडीचा मात्र चेंदामेंदा झाला होता. ते जीपच्या तोंडात मावत नव्हतं. मग नानांनी जीपचं तोंडच कापलं. पुढची जाळी दोन बोटं पुढे सरकवली, इंजिन ज्यावर टेकतं ते लोखंडी कान नवे घडवले. नव्या इंजिनाच्या ताकदीपुढे मागचा ॲक्सल टिकणार नाही, तुकडे होतील त्याचे, म्हणून तोही दुसऱ्या गाडीचा आणला. हा ॲक्सल म्हणजे मागच्या दोन चाकांमधला जाड आडवा दांडा. त्याच्या मध्यावर कलिंगडाएवढा गोळा असतो आणि त्या गोळ्याच्या पोटात चाकं फिरवणारे दाते असतात. जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर तो बसावा म्हणून त्याला नव्या बैठका वेल्ड करायच्या होत्या. बस्स, एवढंच काम शेवटी उरलं होतं.

वहिनी रोज गॅरेजात येत. जुनं इंजिन कोपऱ्यात पडलं होतं. नवऱ्याने अख्खा जन्म त्याच्या उशा-पायथ्याशी काढला होता, पण वहिनींनी त्याच्यापाशी एकदाही डोळे पुसले नाहीत. उलट बसायला स्टूल मिळालं नाही की त्या सरळ त्याच्यावरच बसत.

आणि आता सगळं बसवून, आवळून, तेल-पाणी भरून झाल्यावर गाडी मागे मागे जात होती.

नाना जमिनीवर उताणे झाले आणि गाडीखाली सरकले. बराच वेळ त्यांचे नुसते पाय दिसत होते. मग पाय बोलले, “अरे देवा.”

“काय झालं?”

नाना बाहेर आले. चेहरा तेलाने माखलेला, तरी पांढरा पडलेला दिसत होता. “ॲक्सल उलटा बसलाय. पोट वर, पाठ खाली. म्हणून चाकं उलटी फिरतायत. चार गिअर मागे, एक पुढे.” मग ते एकदम चिडले. “पण मी खूण केली होती! पोटावर खडूने ही एवढी मोठी फुली मारली होती. फुलीवर बैठका लावायच्या, असं ठरवून रात्री घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर फुली नाही. म्हटलं, मारायची राहिली असेल. वय झालं. वर जी बाजू दिसली तिच्यावर लावल्या.”

वहिनींनी स्टिअरिंगवरचा हात काढला. मग म्हणाल्या, “फुली मी पुसली.”

“काय?”

“केवढा घाण होता तो! शेणगोळ्यासारखा. मी सकाळी लवकर आले, रॉकेलने घासला, पहारीने पालथा केला, दुसऱ्या बाजूने घासला, आणि वरून काळा रंग मारला. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल.”

“वहिनी, तो ॲक्सल आहे, ताट नाही!”

“कळलं आता,” वहिनी म्हणाल्या.

गर्दीला तर आजचा दिवस सार्थकी लागल्यासारखं झालं होतं. नानांनी कपाळावर हात मारला, आणि कपाळ काळं झालं. “बैठका कापून परत लावायला दिवस जाईल,” ते हळूच म्हणाले. “तुमच्या दिरांना विनंती करून बघतो. उद्यापर्यंत थांबतील.”

“काही विनंती करायची नाही.” वहिनींचा आवाज असा चढला की हसणारेही थबकले. “माझी चूक आहे. मी त्यांच्यासमोर हात जोडणार नाही, आणि तुम्हीही जोडायचे नाहीत. एक गिअर पुढे जातो ना?”

“रिव्हर्स?”

“त्याचं नाव काही का असेना. पुढे जातो ना?”

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. या बाईला गाडी आपणच शिकवली याचा त्यांना पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला असावा, किंवा अभिमान. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. “जातो,” ते म्हणाले. “ताकदीचा गिअर आहे, चढाला वाईट नाही. पण त्याचे दात थोडं मागे-पुढे करण्यापुरते असतात, डोंगर चढायला नव्हे. बोंब मारतील. मारू द्या, पण घाई करू नका. आणि चारही चाकांचा दांडा चुकूनही ओढू नका. मागची चाकं पुढे जातील आणि पुढची मागे. मधल्या मध्ये गाडी फाटेल.”

“म्हणजे ओढ्यात फक्त मागची दोन चाकं.”

“फक्त दोन. आणि मागे वजन नाही, ती जागेवरच फिरत बसतील.”

वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “वजन हवंय,” त्या गर्दीला म्हणाल्या. “हसून झालं असेल तर बसा मागे.”

कोणी हललं नाही. लोकांना तमाशा बघायचा होता, तमाशात काम करायचं नव्हतं. तेवढ्यात गर्दीतून वहिनींची धाकटी जाऊ पुढे आली. अंगाने भक्कम बाई. तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला आणि मागच्या फाळक्यावर पाय ठेवला.

“अगं, तू कुठे?” दीर ओरडले.

“वजनाला,” जाऊबाई म्हणाली. “बायका जन्मभर टोमणे मारतात माझ्या वजनावरून. एकदा तरी ते कामाला येऊ दे.”

मग हशा पिकला, पण या वेळचा हशा निराळा होता. टपरीवाला चढला. सिलेंडरवाल्याने आपले दोन भरलेले सिलेंडर चढवले, नाहीतरी वरच जायचे होते. नाना पान्यांची पेटी घेऊन वहिनींच्या शेजारी बसले. मागे आता एकाच माणसाची जागा उरली होती.

“या, भाऊजी,” वहिनी आरशात बघत म्हणाल्या. “अट तुमची आहे. पोचली की नाही हे कोण सांगणार?”

दीर दाराशीच उभे राहिले. मग खाली मान घालून आले आणि सिलेंडरच्या मध्ये अंग चोरून बसले.

जीप निघाली. रिव्हर्सच्या दातांनी अशी किंकाळी फोडली की बाजारातली कुत्री दुकानांच्या फळ्यांखाली शिरली. पायी चालणारा माणूस ज्या गतीने जातो त्याच गतीने गाडी चालली होती. एक सायकलवाला तिला मागे टाकून गेला आणि जाताना घंटी वाजवून गेला. वहिनींनी त्याला हॉर्न दिला. सवयीने त्यांचा हात सारखा दांड्याकडे जायचा, दुसरा टाकावा म्हणून, आणि प्रत्येक वेळी नाना “अं हं” करायचे.

ओढ्यात पाणी थोडं होतं, पण गोटे गुळगुळीत. मागची चाकं एकदा जागच्या जागी फिरली. जीप तिरकी झाली. जाऊबाईने डोळे मिटले आणि दिरांनी नकळत फाळका घट्ट धरला.

“उतरू का, धक्का देऊ?” ते ओरडले.

“जागचे हलू नका!” वहिनींनी मागे न बघता सांगितलं. “सगळे मागच्या टोकाला सरका. चाकावर बसा.”

सगळे सरकले. दीरही सरकले. वहिनींनी पाय थोडा ढिला केला, चाकांना तळ सापडेपर्यंत थांबल्या, मग पुन्हा दाबला. जीपने ओढा सोडला.

शेवटच्या चढावर किंकाळीचा आवाज बदलला. आता ती घोगरी झाली होती आणि पायाखालून जळका वास येत होता. नाना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. ती प्रार्थना होती की शिव्या, हे त्यांनाच ठाऊक. वहिनींना भीती वाटत होती. त्यांना गल्ला दिसत होता, डोक्यावरचा पंखा दिसत होता, आणि खुर्चीवर बसून सुटे पैसे मोजणारी एक शहाणी, सुखी बाई दिसत होती. त्या बाईचा त्यांना इतका राग आला की त्यांनी पाय आणखी दाबला.

वस्तीतली माणसं आवाज ऐकून आधीच कठड्याशी येऊन उभी होती. जीप पहिल्या घरापाशी पोचली, सपाट जागा अशी तिथे नव्हतीच, तशीच चढावर वहिनींनी ती थांबवली आणि इंजिन बंद केलं. एकाएकी सगळीकडे शांत झालं. मग गलका सुरू झाला. टपरीवाला झालेल्या प्रवासाचं वर्णन दुप्पट करून सांगू लागला, सिलेंडर उतरले, जाऊबाईला कोणीतरी पाणी दिलं. नाना गाडीखाली शिरायला निघाले आणि लोकांनी खांद्यावर थापा मारत त्यांना बाजूला नेलं.

वहिनी सीटवरच बसून होत्या. हँडब्रेकची तार जोडायची राहिली होती, आणि इंजिन बंद झाल्यावर त्या एका गिअरचे शिणलेले दात एवढा भार धरतील असा भरवसा नव्हता. त्यांनी ब्रेकवर पाय गच्च दाबून धरला होता. पाय थरथरत होता. हाक मारली असती तर दहा माणसं धावली असती. त्यांनी हाक मारली नाही. समोर बघत, चेहऱ्यावर काही न दाखवता त्या बसून राहिल्या.

दीर सगळ्यांत शेवटी उतरले. घरी परत जायला वळले, थांबले, आणि खिडकीतून त्यांना वहिनींचा पाय दिसला. रस्त्याच्या कडेला गेले, वाकून एक मोठा दगड उचलला, छातीशी धरून आणला आणि गुडघ्यावर बसून मागच्या चाकाखाली सारला. हाताने ढोसून तो घट्ट बसलाय की नाही बघितलं. पांढऱ्या शर्टाला माती लागली.

“वहिनी,” ते म्हणाले, “काढा आता पाय.”

वहिनींनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

“दुसऱ्या चाकालाही लावा,” त्या म्हणाल्या.

दीर उठले आणि दुसरा दगड शोधायला गेले.